छोट्या ऑनलाइन दुकानासाठी सर्व्हर कुठला घ्यावा, आणि तो चालतोय हे आपल्याला कळावं कसं?

डिचोलीकरीण (रविवार, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोलीत आमचं काजू, कोकम आगळ, खाजें असं दुकान आहे, मोसमात मानकुराद आंब्यांचं बुकिंगही घेतो. काउंटर सासरे बघतात, ऑनलाइन माझ्याकडे. साइट वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन), शेअर्ड होस्टिंगवर (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइटा), 'अनलिमिटेड' लिहिलेला वार्षिक पॅक. एरवी दिवसाला दहा-पंधरा ऑर्डरी येतात, तेव्हा काही कुरकुर नसते. पण दिवाळीच्या आधीचा आठवडा आला किंवा मानकुरादचं बुकिंग उघडलं की साइट मान टाकते. कोरं पान आणि वर '५०८ रिसोर्स लिमिट'. होस्टिंगवाले म्हणतात मोठा पॅक घ्या. मोठ्या पॅकवरही 'अनलिमिटेड'च लिहिलंय, मग मोठं नेमकं काय होणार?

दुसरं म्हणजे, साइट बंद पडली हे मला गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवरून कळतं. तेही ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर. बाकीचे निघून जातात.

महिना दीड-दोन हजार खर्च करायची तयारी आहे. लिनक्स येत नाही. शिकेन, पण गल्ल्यावर बसून जमेल तेवढंच.

लिनक्सबाब (रविवार, रात्री ११:०२)

ताई, ५०८ हा आकडा क्लाउडलिनक्सवाल्या (शेअर्ड होस्टिंगसाठीची लिनक्स) सर्व्हरचा. एका मशीनवर शेकडो साइटा बसवलेल्या असतात, म्हणून प्रत्येकीला मर्यादा घालतात. जाहिरातीतलं 'अनलिमिटेड' हे डिस्क आणि बँडविड्थचं. खरी मर्यादा 'एंट्री प्रोसेस' नावाची असते, म्हणजे एका क्षणी तुमच्या साइटसाठी पीएचपीच्या (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) किती विनंत्या चालू असू शकतात. ही बऱ्याच पॅकमध्ये वीसच्या आसपास असते. अनलिमिटेड थाळीची खाणावळ, पण खुर्च्या वीस. सीपॅनलमध्ये (होस्टिंगचं नियंत्रण-पान) 'रिसोर्स युसेज' उघडा, दिवाळीच्या आठवड्याचा आलेख मिळाला तर तिथे 'फॉल्ट्स' (मर्यादेला धडकल्याच्या नोंदी) दिसतील. मोठा पॅक घेण्याआधी एवढंच विचारा: एंट्री प्रोसेस किती, रॅम किती, आयनोड (फाइलींची संख्या) किती. उत्तर लेखी घ्या.

आता वीस खुर्च्या दहा-पंधरा ऑर्डरींच्या दुकानाला का पुरत नाहीत, तर वूकॉमर्समध्ये कार्ट आणि चेकआउटची पानं कॅश करता (एकदा बनवलेली प्रत सगळ्यांना देता) येत नाहीत, प्रत्येकासाठी नव्याने बनतात. त्यात जुन्या आवृत्त्या प्रत्येक पानावर 'कार्टमध्ये किती वस्तू' हे विचारायला मागच्या दाराने एक वेगळी विनंती पाठवत. म्हणजे तुमचं मुखपृष्ठ कॅशमधून फुकट गेलं तरी त्याच्या मागून पीएचपी उठायचीच. ७.८ पासून (२०२३) हे मुळात बंद केलंय, पण थीममध्ये मिनी-कार्ट लावलेलं असेल तर अजून चालू असतं. आधी हे तपासा. कदाचित सर्व्हर बदलायची गरजही उरणार नाही.

तरीही बदलायचंच ठरलं तर हिशेब असा. दोन जीबी रॅमचा व्हीपीएस (मोठ्या मशीनचा फक्त तुमच्यासाठी राखलेला भाग) घ्या. सिस्टम आणि मारियाडीबी (डेटाबेस) मिळून सात-आठशे एमबी खातात. उरले बाराशे. वूकॉमर्सची एक पीएचपी प्रोसेस साधारण ८० एमबी धरा. म्हणजे बारा-चौदा प्रोसेस एकावेळी. एका चेकआउटला एक सेकंद लागला तरी सेकंदाला बारा. दिवाळीतसुद्धा डिचोलीच्या काजूला हे भरपूर झालं.

यात एक खोच आहे. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) पीएचपी-एफपीएममध्ये (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्राम) ही संख्या मुळात ५ असते. नवा सर्व्हर घेतात, रॅम अर्धी रिकामी, आणि साइट मात्र रांगेत उभी. लॉगमध्ये 'मॅक्स चिल्ड्रन' गाठल्याची ओळ दिसते, ती कोणी वाचत नाही. उलट कोणी उत्साहाने तिथे ५० टाकतो, मग गर्दीत रॅम संपते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) सगळ्यात लठ्ठ प्रोसेस मारून टाकतो. ती बहुधा डेटाबेसची असते.

उनाडपाखरू (रविवार, रात्री ११:२०)

वेब सर्व्हर कुठला, अपाचे की एनजिनेक्स?

लिनक्सबाब (रविवार, रात्री ११:३१)

तुमच्या आकाराला काहीही. एनजिनेक्स (२००४) मुळात जन्माला आला तो एका मशीनवर दहा हजार जोडण्या पेलायला, इथे दोनशेही नसणार. अपाचेचा जुना प्रीफोर्क प्रकार तेवढा टाळा, त्यात एक चित्र द्यायलासुद्धा पीएचपीसकट अख्खी प्रोसेस अडकते. बाकी ज्याचं कॉन्फिगरेशन तुम्हाला वाचता येतं ते घ्या.

म्हापशेकार (सोमवार, सकाळी ८:४५)

जागेचं कोणी बोललं नाही. युरोपात तेवढ्याच पैशांत दुप्पट रॅम मिळते, म्हणून आमच्याकडचे बरेच जण तिकडे जातात. गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात असेल तर हे स्वस्तातलं महाग आहे. इथून जर्मनीला एक फेरी शंभर मिलिसेकंदांच्या वर जाते, सव्वाशे-दीडशेही. पान दिसायच्या आधी एक फेरी टीसीपीची (जोडणी जुळवायला), एक टीएलएस १.३ ची (ती सुरक्षित करायला; जुन्या १.२ ला दोन), मग प्रत्यक्ष विनंतीची. म्हणजे सर्व्हरच्या कामाचा वेळ न धरताही जवळजवळ अर्धा सेकंद समुद्राखाली गेला. सीडीएन (जागोजागी प्रती ठेवणारी सेवा) लावलं की चित्रं जवळून येतात, पण चेकआउट शेवटी मूळ सर्व्हरवरच जातं, आणि माणूस कंटाळतो तो तिथेच.

आता जवळ पर्याय आहेत. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, गूगलचं मुंबईत २०१७ पासून, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात, डिजिटलओशनचं बेंगळुरूत, लिनोडचं मुंबईत. ॲमेझॉनकडे गेलात तर 'टी' मालिकेची मशीनं कशी चालतात ते वाचून जा. त्यांचा सीपीयू उधारीच्या हिशेबाने असतो: निवांत असताना क्रेडिट साठतं, गर्दीत खर्च होतं. संपलं की टी-२ हळू पडतं. टी-३ मूळ सेटिंगला हळू पडत नाही, त्याऐवजी बिल वाढवतं. सेलच्या दिवशी यातलं काय परवडेल ते आधी ठरवा.

फोंड्याचा_हिशेबनीस (सोमवार, दुपारी १:१०)

तांत्रिक बाजू मला कळत नाही, पैशांची सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्यांच्या साइटा सर्व्हरमुळे कमी आणि बिलामुळे जास्त बंद पडतात.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर ग्राहकाने आधी मँडेट (कपातीची संमती) नोंदवावं लागतं. ५,००० रुपयांपर्यंत पुढची कपात ओटीपीशिवाय होत असे, जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० झाली. अनेक परदेशी कंपन्या या व्यवस्थेत बसत नाहीत, तिथे कपात नुसती नाकारली जाते. कांदोळीच्या एका होमस्टेवाल्यांचं असंच झालं. स्मरणपत्रं येत होती ती 'इन्फो'च्या पत्त्यावर, जो कोणी उघडत नव्हतं. सर्व्हर गोठवला तेव्हा त्या डोमेनची मेलही त्याच सर्व्हरवर असल्यामुळे पासवर्ड बदलायची मेलसुद्धा पोचेना. भर डिसेंबरात. होस्टिंगच्या खात्याला कायम वेगळ्या डोमेनचा ईमेल द्या, आणि जमलं तर आधी पैसे भरून ठेवता येतील अशी कंपनी बघा.

जीएसटीचं थोडक्यात: रुपयांत भारतीय बिल मिळालं तर १८ टक्क्यांचं क्रेडिट सरळ. परदेशी कंपनीला तुमचा जीएसटीआयएन दिला की ती कर लावत नाही, तो रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचं. दिला नाही तर कर लागतो आणि क्रेडिट हातचं जातं.

डिचोलीकरीण (सोमवार, दुपारी ३:३०)

देव बरें करूं सगळ्यांचें! मिनी-कार्ट आहे आमच्या थीममध्ये, आज रात्री काढून बघते. ईमेलचं वाचून पोटात गोळा आला, आमचंही तसंच आहे. लक्ष ठेवण्याबद्दल कोणी सांगेल का? फुकट साइटा आहेत ना, दर पाच मिनिटांनी बघणाऱ्या?

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:५०)

मी कळंगुट पट्ट्यातल्या काही हॉटेलांच्या बुकिंग साइटा सांभाळतो. नोव्हेंबर ते जानेवारी झोप फोनच्या मर्जीवर. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

पाच मिनिटांनी बघणारी सेवा लावाच, पण ती काय बघते ते समजून घ्या. बहुतेक जण तिला मुखपृष्ठाचा पत्ता देतात. मुखपृष्ठ कॅशमध्ये असतं. डेटाबेस मेला तरी सीडीएन किंवा कॅश प्लगइन ते हसतमुखाने देत राहतं, आणि सेवा म्हणते सगळं हिरवं. म्हणून कॅश न होणारं पान द्या, जिथे डेटाबेसला हात लावावाच लागतो, आणि नुसता २०० ('ठीक आहे') हा कोड न बघता पानावरचा एखादा ठरावीक शब्द सापडतो का ते बघायला सांगा. एखाद्या वस्तूचं नाव चालेल, फक्त ती वस्तू दुकानातून काढली तर सेवेतही बदला.

बघणारा बाहेरचा हवा. अपटाइम कुमा छान आहे, फुकट आहे, स्वतःच्या मशीनवर बसवता येतं. पण ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच सर्व्हरवर बसवलं तर दोघं एकदमच आडवे होणार आणि कोण कोणाला सांगणार? एकदा फसलं की लगेच बोंब नको, लागोपाठ दोनदा फसलं तर फोन, असं ठेवा. नाहीतर आठवड्याभरात तुम्ही सूचना म्यूट कराल, आणि म्यूट केलेली सूचना नसल्यासारखीच.

सर्व्हरच्या आतलं बघायला नेटडेटा हे साधन पुरे, प्रोमिथियस-ग्राफाना या मोठ्या जोडीच्या वाट्याला एका मशीनसाठी जाऊ नका. आलेख सुंदर दिसतात आणि माणूस ते बघत बसतो. मी तीन-चार गोष्टींवरच सूचना लावतो. डिस्क ८० टक्के भरली की. डिस्क गच्च भरली की डेटाबेस लिहू शकत नाही, आणि ती बहुधा कोणी न पाहिलेल्या लॉगने किंवा जुन्या बॅकअपने भरते. आयनोडही बघा, जागा शिल्लक असून फाइलींची संख्या संपू शकते, सेशनच्या बारीक फाइलींनी असं होतं. मग रॅम. मग 'टॉप' या कमांडमधला 'एसटी' हा आकडा: तो सतत वर असेल तर तुमचा सीपीयू शेजारचे भाडेकरू खातायत. ते तुमच्याकडून दुरुस्त होत नाही, मशीन बदलून मागायचं.

सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं 'https' ज्यावर चालतं ते. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेचं ९० दिवसांचं असतं, आपोआप नवं होतं, म्हणून लोक विसरतात. फायरवॉल बदलली किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी नोंद) हलवलं की ते 'आपोआप' गुपचूप थांबतं. चौदा दिवस उरले की सूचना यायला हवी. डोमेनची मुदतही तशीच.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. हे सगळं हिरवं असूनही दुकान बंद असू शकतं. पेमेंट गेटवे पैसे मिळाल्यावर तुमच्या साइटला मागून एक निरोप पाठवतो, वेबहुक. बॉट अडवणाऱ्या फायरवॉलला तो बॉटच वाटतो आणि ती त्याला हाकलते. गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात, तुमच्याकडे ऑर्डर 'पेमेंट बाकी' अशी पडून राहते. सीपीयू थंड, पान भराभर उघडतंय, आलेखांत एक सुरकुती नाही. हे कोणतीही अपटाइम सेवा सांगणार नाही. यासाठी ऑर्डरींवर नजर हवी. एक छोटी स्क्रिप्ट: सकाळी नऊ ते रात्री दहा या वेळात अमुक तास एकही पैसे भरलेली ऑर्डर नाही, तर मला टेलिग्रामवर सांग. किती तास ते तुमच्या दुकानाच्या चालीवर. दहा-पंधरा ऑर्डरींच्या दुकानाला एरवी चार-पाच तास ठेवा, दिवाळीच्या आठवड्यात एक. हॉटेलवाल्यांना मी सीपीयूचे आलेख दाखवणं बंद केलंय, हा एक आकडा दाखवतो.

पावसाळी_ढग (मंगळवार, सकाळी ९:०५)

एवढा खटाटोप कशाला? घरी फायबर आहे, जुना लॅपटॉप आहे, त्यावरच चालवा. बॅटरी आतच असते, इन्व्हर्टर वेगळा. महिन्याचे दीड हजार वाचले.

म्हापशेकार (मंगळवार, सकाळी ९:४०)

जूनमध्ये परत लिहा बरं. लॅपटॉपला बॅटरी आहे, रस्त्यावरच्या फायबरच्या पेटीला आहे का? आमच्या वाड्यावर माड पडला की वीज आणि केबल एकाच वेळी जाते. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात तेव्हा राउटर जळणं तर वर्षासनासारखं ठरलेलं. वर अनेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, कंपनी एकच पत्ता अनेकांत वाटते, मग बाहेरून आत येणार कसं? टनेल वापरून येईल, मान्य. शिकायला झकास. गल्ला त्यावर नको.

पावसाळी_ढग (मंगळवार, सकाळी ९:५२)

माड पडतो हे खरं 😄 पण बॅकअप ठेवायला तरी लॅपटॉप चालेल की नाही?

आंबोलीकर (मंगळवार, सकाळी ११:३०)

चालेल, आणि ठेवाच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचचं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं. सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात असलेल्यांचे दोन्ही गेले. होस्टिंगवाल्याचा रोजचा बॅकअप ही सोय आहे, ती आपली प्रत नव्हे. दुसऱ्या कंपनीकडे एक प्रत, घरी एक. बॅकअपच्या स्क्रिप्टला शेवटी एक हाक मारायला लावा: 'झालं' असा निरोप बाहेरच्या सेवेला रोज गेला पाहिजे, नाही गेला तर ती सेवा तुम्हाला सांगेल. आणि चार-सहा महिन्यांनी एकदा त्या प्रतीवरून साइट उभी करून बघा.

दुसरा मुद्दा माणसांचा. व्हीपीएस घेतला की त्याची डागडुजी कोण करणार? सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला, आजही त्यावर दुकानं चालतायत, कारण बसवून देणारा मुलगा जहाजावर नोकरीला गेला आणि रूटचा (सर्वाधिकाराच्या खात्याचा) पासवर्ड त्याच्याच डायरीत. गोव्यात तरी हे घराघरातलं आहे. ताईंना लिनक्स येत नाही म्हणतात, तर मॅनेज्ड (देखभाल कंपनी करते असा) व्हीपीएस घ्या किंवा वूकॉमर्ससाठीचं मॅनेज्ड होस्टिंग, थोडे जास्त पैसे द्या. स्वतः घेतला तर उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ पाठिंब्याची आवृत्ती), सुरक्षेचे अपडेट आपोआप लागतील असे ठेवा. डोमेन, होस्टिंग, डीएनएस तिन्ही खाती दुकानाच्या नावाने. बसवणाऱ्याच्या नाही.

आणि '९९.९ टक्के अपटाइम' वाचून हुरळू नका. त्याचा अर्थ महिन्याला ४३ मिनिटं बंद पडायची मुभा. त्याहून जास्त पडलं तर भरपाई म्हणून बिलातला काही भाग परत, बुडालेल्या ऑर्डरींचं काही नाही. घोषित दुरुस्तीची वेळ तर बहुधा त्यात धरतच नाहीत.

फोंड्याचा_हिशेबनीस (मंगळवार, दुपारी १२:१५)

लॉगांचा विषय निघालाय तर: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात, आणि हॅक वगैरे झालं तर कळल्यापासून सहा तासांत कळवायचं. छोट्या उद्योगांना तेव्हा सप्टेंबरपर्यंत मुदत दिली होती, सूट नव्हे.

लिनक्सबाब (मंगळवार, दुपारी १२:४०)

बरोबर. आणि उबुंटूवर एनजिनेक्सचे लॉग मुळात १४ दिवसच राहतात. ते वाढवा, पण रात्रपाळी म्हणाले तशी डिस्क त्यानेच भरेल. दाबून दुसरीकडे हलवायची सोय त्याच दिवशी करा.

डिचोलीकरीण (बुधवार, रात्री ९:२०)

मिनी-कार्ट काढलं. सीपॅनलच्या आलेखात एंट्री प्रोसेस जवळजवळ निम्म्यावर आल्या! तरी दिवाळीला पुरेल याची खात्री वाटत नाही, त्यामुळे मुंबईतला मॅनेज्ड व्हीपीएस घ्यायचं ठरतंय. प्रश्न आता वेळेचा. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलीय, खाज्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्यात. लगेच हलवू की दिवाळीच्या जवळ?

रात्रपाळी (बुधवार, रात्री ११:१०)

दोन्ही नको. चवथ होऊ दे, पितृपक्षात हलवा. तेव्हा गोडाधोडाची खरेदी सगळ्यात कमी असते, आणि दिवाळीआधी नव्या सर्व्हरला सरावायला महिनाभर मिळतो. चार दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ धरून ठेवायचा तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा. हलवायच्या रात्री जुनी साइट 'दुरुस्ती चालू' वर टाका, मगच डेटाबेसची शेवटची प्रत घ्या. नाहीतर काही ऑर्डरी जुन्या घरात आणि काही नव्या, आणि दोन्हीकडे ऑर्डर क्रमांक तेच. नवा आयपी पेमेंट गेटवे आणि कुरियरवाल्यांकडे कुठे नोंदवलेला आहे का तेही आधी शोधा. हलवून झाल्यावर स्वतःच्या कार्डाने एक खरी ऑर्डर करा आणि ती 'पैसे मिळाले' पर्यंत गेली की झोपा.

उनाडपाखरू (बुधवार, रात्री ११:२५)

पितृपक्षात नवं काही घेऊ नये म्हणतात ना?

डिचोलीकरीण (बुधवार, रात्री ११:४०)

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, विकत आजच घे, राहायला नंतर जा. पैसे भरलेत.

केपेकर (गुरुवार, सकाळी ७:५०)

धागा उशिरा वाचला. ऑर्डर न आल्याची ती स्क्रिप्ट वूकॉमर्ससाठी कोणाकडे तयार आहे का? वर्डप्रेसच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी काम करणारी सोय) टाकली तर चालेल?

रात्रपाळी (गुरुवार, सकाळी ८:३०)

वर्डप्रेसच्या क्रॉनवर नको. तो साइटवर कोणी आलं तरच धावतो, म्हणजे साइट बंद पडली की तोही गप्प. सर्व्हरच्या क्रॉनवरही नको, सर्व्हरच पडला तर? दुसऱ्या कुठल्याही छोट्या मशीनवरून वूकॉमर्सच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामने माहिती विचारायची खिडकी) विचारा, त्यासाठीची किल्ली (एपीआय-की) फक्त वाचायची परवानगी असलेली बनवा. माझी स्क्रिप्ट चाळीसेक ओळींची आहे, हॉटेलांची नावं काढून संध्याकाळी इथे टाकतो.